आंबा पिकवणारे हात आणि बाळाची कावीळ

एप्रिल उजाडला की आमच्या वाशीत फळबाजाराचा पत्ता कोणाला विचारावा लागत नाही. नाक नेईल तिकडे चालत राहिले की माणूस बरोबर तिथे पोहोचतो. मार्च १९९६ मध्ये मुंबईचा घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून इकडे आला. तेव्हापासून देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या पहाटेच्या अंधारात येथे उतरतात आणि दिवस वर येईपर्यंत अर्ध्या मुंबईत पसरतात. या दिवसांत माझ्या दवाखान्यात पाठ धरलेले, मान अवघडलेले माथाडी कामगार बरेच येतात.

असेच एक वयस्कर आबा एका हंगामात आले होते. कंबर तपासून झाली, औषध लिहून झाले. सदऱ्याच्या गुंड्या लावता लावता ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक इचारू? पेटी उतरवताना आंबा दगडावानी असतोय. आठ दिसांत नुसतं लोणी. आत बसून त्याला पिकवतं तरी कोण?"

मी म्हटले, "आबा, तुमच्यासारखेच हमाल."

ते हसले. त्यांना वाटले डॉक्टर थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. आंब्यात, आपल्या तोंडात, पोटात, रक्ताच्या प्रत्येक थेंबात असे असंख्य हमाल अहोरात्र राबत असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'विकरे' म्हणतात; औषधांच्या जाहिरातींमुळे 'एन्झाइम' हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. या हमालांपैकी एकच एक कमी असल्यामुळे एका तान्ह्या बाळाचा जीव कसा धोक्यात आला होता, ते मला आज सांगायचे आहे. पण त्याआधी हे हमाल काम कसे करतात ते समजून घ्यावे लागेल, आणि त्यासाठी आंब्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

कच्च्या आंब्यात पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, भरपूर असतो. तांदळात, बटाट्यात असतो तोच. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. माळ अखंड असते तोवर ती गोड लागत नाही. तुटून सुटे मणी झाले की गोडी येते. आंबा पक्व झाला की त्याच्यातून इथिलीन नावाचा एक वायू अगदी थोड्या प्रमाणात निघू लागतो. ही जणू मुकादमाची शिटी. शिटी वाजली की वेगवेगळी विकरे कामाला लागतात. अमायलेज नावाचे विकर स्टार्चची माळ तोडते. दुसरी काही विकरे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा डिंक सैल करतात, म्हणून दगड मऊ होतो. तिसरी सालीतला हिरवा रंग मोडतात. आंबटपणा देणारी आम्ले कमी होतात, केशरी रंग तयार होतो, वास सुटतो. आपल्या वाडवडिलांना इथिलीनचे नाव ठाऊक नव्हते, पण गवताच्या आढीत आंबे झाकून ठेवले की ते एकसारखे पिकतात हे पक्के ठाऊक होते. आढीत ऊब राहते आणि तो वायूही कोंडून राहतो, म्हणजे शिटी सर्वांना ऐकू जाते. एक पिकलेला आंबा कच्च्यांच्या मध्ये ठेवला की बाकीचे लवकर पिकतात, तेही याच कारणाने. उलट कच्चा हापूस घाईघाईने फ्रीजमध्ये टाकला तर गारठ्याने विकरांचे हात आखडतात आणि तो आंबा नंतर बाहेर काढला तरी नीट पिकत नाही. पेटी आणल्या आणल्या फ्रीज उघडणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावे.

कार्बाइडची भानगडही येथेच समजून घेता येते. कॅल्शियम कार्बाइडच्या पुडीला ओल लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो; म्हणजे खोटी शिटी. साल पिवळी होते, पण फळ तयार नसताना शिटी वाजली तर आतले काम अर्धवट राहते आणि घरी कापल्यावर आंबट, फिका गर निघतो. शिवाय व्यापारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची संयुगे भेसळीच्या रूपात असतात, ती शरीराला अपायकारक. म्हणून फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र ठरावीक प्रमाणात, बंद खोल्यांत वापरण्यास २०१६ पासून परवानगी आहे. तो फळाचा स्वतःचाच वायू असल्याने त्याबद्दल विनाकारण भीती नको. आंबे घरी आणल्यावर धुऊन घेणे हे दोन्ही बाबतींत बरे.

आता आबांना मी 'तुमच्यासारखेच हमाल' असे का म्हणालो ते सांगतो. हमाल गोणी लॉरीतून उतरवून गाळ्यात ठेवतो. तो स्वतः गोणीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. लगेच पुढच्या गोणीला हात घालतो. विकराचेही तसेच. ते पदार्थ तोडते किंवा जोडते, पण स्वतः त्यात खर्ची पडत नाही. काम झाले की पुन्हा मोकळे. म्हणूनच त्याची मात्रा अगदी थोडी असली तरी काम प्रचंड होते. आपल्या शरीरात कॅटालेज नावाचे विकर आहे. त्याचा एकच रेणू एका सेकंदात हायड्रोजन पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडून त्यांचे पाणी आणि प्राणवायू करतो.

बाजारात प्रत्येक टोळीचा गाळा ठरलेला असतो, तसे प्रत्येक विकराचे कामही ठरलेले असते. स्टार्च तोडणारे विकर तुपाला हात लावत नाही आणि तूप तोडणारे डाळीला ओळखत नाही. एमिल फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये याला कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. पुढे कळले की हे कुलूप अगदी ताठ नसते. हातमोज्यात हात शिरताना मोजा थोडा आकार बदलतो, तसे विकर पदार्थाला कवेत घेताना स्वतः किंचित वळते.

मग या कवेत घेण्याने होते काय? पुण्याला जायचे तर मध्ये घाट आहे. घाट चढायला ताकद लागते. ती नसेल तर गाडी खालीच उभी राहील. कोणी बोगदा पाडला तर तीच गाडी थोड्या ताकदीत पलीकडे जाते. सुटण्याचे ठिकाण तेच, पोहोचण्याचे तेच, फक्त मधली चढण कमी झाली. विकर म्हणजे असा बोगदा. शाळेच्या प्रयोगशाळेत स्टार्चची साखर करायची तर आम्ल घालून उकळत ठेवावे लागते. आपले तोंड तेच काम शरीराच्या उबेवर करते. खात्री करून घ्यायची असेल तर भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि गिळायची घाई न करता सावकाश चावत राहा. थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागेल. भाकरीत साखर नव्हती. लाळेतल्या अमायलेजने ती तयार केली.

मुलांना दाखवण्यासारखा आणखी एक प्रयोग आहे. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. त्याचे चार थेंब कच्च्या बटाट्याच्या फोडीवर टाका. फसफसून फेस येईल. बटाट्यातले कॅटालेज काम करते आहे. आता उकडलेल्या बटाट्यावर टाका. काही होणार नाही. विकरे ही बहुतेक करून प्रथिने असतात आणि प्रथिनाची घडी उष्णतेने विस्कटते. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसे उकळलेले विकर पुन्हा कामाला येत नाही. मटण शिजायला जड असले तर आपल्याकडे त्याला कच्ची पपई वाटून चोळतात. पपईतले पपेन हे विकर मांसाचे तंतू सैल करते. पण हे मटण चुलीवर चढवण्यापूर्वी करायचे असते. उकळत्या रश्श्यात पपई टाकून उपयोग नाही, आणि आमच्या आईला हे कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होते.

एकेकाळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटे की असली कामे फक्त जिवंत पेशीच करू शकते. एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये यीस्ट वाळूबरोबर खलात घोटून तिचा रस पिळून काढला. रस टिकावा म्हणून, आपण मुरांब्यात घालतो तशी, त्यात भरपूर साखर घातली. रस टिकायचे राहिले बाजूला, त्यातून बुडबुडे येऊ लागले! यीस्टची एकही जिवंत पेशी नसताना साखर आंबत होती. पेशीतली हत्यारे पेशीबाहेरही चालतात हे त्यावरून सिद्ध झाले आणि १९०७ मध्ये बुखनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दोन दिवस टिकवण्याच्या खटपटीतून एवढे मोठे शास्त्र निघाले, याची मला अजूनही गंमत वाटते.

विकरांना जागाही आपापली लागते. लाळेतले अमायलेज तोंडात चालते, पण जठरातल्या आम्लात ते बंद पडते. जठरातले पेप्सिन मात्र त्या आम्लातच उत्तम चालते. पुढे आतड्यात स्वादुपिंडाचा रस येतो, त्यातल्या विकरांना पुन्हा अल्कधर्मी वातावरण हवे असते. हा मुद्दा जरा लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी एका आजींना तो सांगायचा आहे.

आता एखादे विकर कमी असेल तर? याचे साधे उदाहरण पुष्कळ घरांत सापडेल. एखादा गृहस्थ सांगतो, "दूध घेतले की पोट गुडगुडते, वायू धरतो, कधी जुलाबही होतात. दही-ताक मात्र चालते." घरातले म्हणतात, नखरे आहेत. ते नखरे नसतात. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडण्यासाठी आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे विकर असते. तान्हेपणी ते भरपूर असते. मोठेपणी आपल्या देशात पुष्कळांचे कमी होते. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तेथील जंतू तिची मेजवानी करतात, आणि मग वायू, गुडगुड. दही लावताना विरजणातल्या जंतूंनी त्यातली काही साखर आधीच फोडलेली असते, म्हणून दही सोसते. असा त्रास असणाऱ्याने दूध थोडे-थोडे, जेवणाबरोबर घेऊन पाहावे. नाहीतर दही-ताकावर भागवावे. जीवाला धोका काही नाही.

परंतु प्रत्येक विकराची उणीव इतकी सौम्य नसते. आता त्या बाळाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडाशी एक आजी आपल्या लेकीला आणि सहा दिवसांच्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. लेक बाळंतपणासाठी वाशीला माहेरी आली होती. बाळ पिवळे दिसत होते. नवजात बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ दिसते आणि बहुतेकांची आपोआप उतरते, हे आजींना माहीत होते. म्हणून दोन दिवस त्यांनी वाट पाहिली होती. शेजारच्या कोणी काविळीचा उतारा देणाऱ्याचा पत्ताही दिला होता. पण आजींच्या मनाला ते पटेना, कारण बाळ आता दूधही नीट ओढत नव्हते. मी दुपटे बाजूला केले. पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला होता, आणि त्या पिवळ्या रंगाखाली बाळ पांढरे फटक होते. दुसरी गोष्ट नाकाला जाणवली: दुपट्याला डांबरगोळीचा उग्र वास येत होता.

"आजी, ही दुपटी कुठे ठेवली होती?"

"ट्रंकेत. हिच्याच लहानपणीचा बाळंतविडा जपून ठेवला होता. झुरळं लागू नयेत म्हणून गोळ्या टाकल्या होत्या."

"धुतली होती का?"

"ऊन दाखवलं ना! धुऊन कशाला विरवायची? आणि बाळाला तेल लावून त्यातच गुंडाळतो आम्ही."

मी चिठ्ठी लिहून त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले. दुपटी घरीच सोडायला सांगितली. तेथे बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवले, आणि काविळीचा आकडा फार चढल्यामुळे रक्तही बदलावे लागले. बाळ वाचले. नंतर तपासणीत जे निघाले त्याचे नाव लांबलचक आहे: ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज या विकराची उणीव. डॉक्टर मंडळी त्याला जी-६-पी-डी म्हणतात. आपणही तेच म्हणू.

हे विकर करते काय? रक्तातली तांबडी पेशी जन्मभर प्राणवायू वाहते. प्राणवायू वाहणे म्हणजे पेटत्या निखाऱ्यांची टोपली डोक्यावर घेण्यासारखे आहे; ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या विझवण्यासाठी पेशीजवळ ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो. एकदा ठिणगी विझवली की तो निकामी होतो आणि त्याला पुन्हा कामायोग्य करावे लागते. त्यासाठी लागणारी रसद तांबड्या पेशीला जी-६-पी-डीच्या मार्फतच मिळते. इतर पेशींकडे दुसरे मार्ग आहेत, हिच्याकडे नाहीत. शिवाय तांबड्या पेशीला केंद्रक नसल्यामुळे ती जन्माच्या वेळी मिळालेल्या विकरांवर आपले सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढते. नवे विकर तयार करू शकत नाही.

एरवी अशा माणसाला काहीही होत नाही. तो खातो-पितो, धावतो, कष्ट करतो. पण एखाद्या दिवशी ठिणग्यांचा वर्षाव करणारा पदार्थ शरीरात गेला की पेशी फुटू लागतात. त्यातला लाल रंगाचा पदार्थ मोडून त्यातून पिवळे द्रव्य बनते, म्हणून डोळे पिवळे होतात. काही लाल रंग लघवीत उतरतो, म्हणून ती काळ्या चहासारखी दिसते. रक्त एकाएकी कमी झाल्याने थकवा, धाप, पाठ-पोट दुखणे. म्हणजे ही कावीळ यकृताची नव्हेच. यकृत बिचारे निरोगी असते. ताक-उसाचा रस आणि काविळीची माळ यांत जे दिवस जातात, ते या रुग्णाला परवडत नाहीत. तान्ह्या बाळात तर पिवळे द्रव्य मेंदूत शिरून कायमची इजा करू शकते.

डांबरगोळीतले नॅफ्थॅलिन हे अशाच ठिणग्या पाडणाऱ्यांपैकी एक. ते श्वासावाटे जाते, कातडीतूनही जाते. ते तेलात विरघळते, त्यामुळे तेल लावलेल्या अंगात जास्त सहज शिरते. आजींनी मायेने केलेल्या दोन्ही गोष्टी, जपून ठेवलेला बाळंतविडा आणि तेलाची मालीश, अशा एकत्र आल्या होत्या. यात त्यांचा दोष काय? त्यांच्या लेकीला त्याच दुपट्यांत काही झाले नव्हते.

त्याचेही कारण आहे. ही उणीव आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असते. मुलीला दोन एक्स गुणसूत्रे असतात. एकात खोट असली तरी दुसरे बव्हंशी सांभाळून घेते. मुलाला एकच असते. त्यामुळे आई ठणठणीत आणि मुलगा आजारी असे घडते. म्हणून मी अशा घरात हमखास विचारतो, "बाळाच्या मामाला कधी अशी कावीळ झाली होती का?" मुलींना हा त्रास होतच नाही असे मात्र नाही, कमी होतो.

या उणिवेचा शोध लागला तो हिवतापाच्या गोळीमुळे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात कैद्यांना प्रायमाक्विन हे औषध देऊन पाहत असताना काहींचे रक्त झपाट्याने उतरले. कैद्यांवर असे प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच. १९५६ मध्ये या उणिवेचा उलगडा झाला. आपल्याकडे १९६१ मध्ये बक्षी, बालकृष्णन आणि संघवी यांनी मुंबईतल्या लोकांच्या तपासणीवरून तिची नोंद प्रसिद्ध केली. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांत ही उणीव असावी असा अंदाज आहे. भारतात काही समाजांत ती जवळजवळ नाही, तर काहींत चारांपैकी एका पुरुषात आढळते. मुंबईच्या पारशी समाजात ती बऱ्यापैकी आहे. पण अमुक समाजाचा नाही म्हणून निर्धास्त राहावे, असे कोणालाच म्हणता येणार नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तेथे ती जास्त दिसते, कारण ही उणीव असलेल्याला हिवतापाच्या जंतूपासून थोडे संरक्षण मिळते. निसर्गाने एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले.

हिवताप काही आमच्या भागाला नवा नाही. इमारतींची बांधकामे, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि पाऊस, म्हणजे डासांची चैनच. त्यातला व्हायवॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून बसतो आणि पुन्हा उलटतो. तो समूळ जावा म्हणून चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ते फार उपयोगी औषध आहे आणि ज्यांना चालते त्यांनी चौदाही दिवस पुरे केले पाहिजेत, मधेच ताप गेला म्हणून सोडू नये. पण ज्याच्याजवळ जी-६-पी-डी कमी, त्याला तेच घातक ठरू शकते. कुष्ठरोगात वापरतात ते डॅप्सोन आणि लघवीच्या जंतुसंसर्गावरचे नायट्रोफ्युरँटॉइन ही आणखी दोन नावे. परदेशात फाव्हा नावाच्या एका शेंगेच्या दाण्यांनीही असा त्रास होतो. हिंदीत तिला बाकला म्हणतात. कोकणातले कडवे वाल आणि आपला पावटा ती नव्हे. उगाच बिरड्यांची भीती बाळगू नये.

तो मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला व्हायवॅक्स हिवताप झाला. सुट्टीत आजीकडेच होता. मी गावाला गेलो होतो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नेहमीप्रमाणे क्लोरोक्विन आणि चौदा दिवसांचे प्रायमाक्विन लिहिले. आजींनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढून पुढे केला. रुग्णालयातून सुटताना मिळालेला तो तपासणीचा कागद त्यांनी रेशनकार्डाबरोबर ठेवला होता. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि प्रायमाक्विनवर काट मारली. नंतर रक्त पुन्हा तपासून, आठवड्यातून एकदाच अशी आठ आठवडे, देखरेखीखाली ते औषध दिले गेले. असा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला आहे, पण तो तज्ज्ञ डॉक्टरांनीच चोखाळायचा. मात्रा वेगळी असते आणि मधूनमधून लघवीचा रंग व रक्त पाहावे लागते.

त्या वेळी आजींनी मला जो प्रश्न विचारला, तो कदाचित आपल्याही मनात असेल. "डॉक्टर, बाजारात एन्झाइमचं टॉनिक मिळतं. ते पाजलं तर याची कमी भरून नाही का निघणार?"

नाही. विकर हे प्रथिन. तोंडावाटे घेतलेले जी-६-पी-डी जठरात गेले की पेप्सिन त्याची डाळीतल्या प्रथिनासारखीच चटणी करील. ते रक्तात, आणि तेही तांबड्या पेशीच्या आत, पोहोचणारच नाही. दूध न पचणाऱ्याला लॅक्टेजची गोळी उपयोगी पडते, कारण तिचे काम पोटातच असते. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाला त्याची विकरे देतात, तीही आम्लाने मरू नयेत म्हणून बहुधा खास वेष्टनात. एरवी धडधाकट माणसाने जेवणानंतर पाचक सरबताचे दोन चमचे घेण्यात नुकसान फारसे नाही, पण पैसे वाया जातात असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीबद्दल एक सूचना. जी-६-पी-डीची तपासणी साधी रक्ताची आहे आणि मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. परंतु पेशी फुटण्याचा झटका नुकताच येऊन गेला असेल तर जुन्या, दुबळ्या पेशी संपलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत विकर बरे असते. त्यामुळे अहवाल खोटाच चांगला येऊ शकतो. संशय असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करावी. नवजात बाळाला पहिल्या चोवीस तासांतच कावीळ दिसली, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, किंवा बाळ दूध ओढेनासे, सुस्त झाले, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि बाळाच्या कपड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळी टाकूच नये. वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा, आणि कपडे वापरण्यापूर्वी धुऊन घ्यावेत.

आजींनी पुढे आपल्या मुलाचीही, म्हणजे त्या बाळाच्या मामाची, तपासणी करवून घेतली. तो तेव्हा चाळिशीत होता, बाजारात एका गाळ्यावर हिशेबनीस. त्याच्यातही उणीव निघाली. मग त्याला आठवले, की शाळेत असताना हिवतापाच्या गोळ्या सुरू झाल्यावर चार दिवस काळी लघवी झाली होती. घरातल्यांनी उष्णता म्हणून सब्जाचे पाणी दिले होते आणि गोळ्या कडू लागतात म्हणून त्याने स्वतःच फेकून दिल्या होत्या. त्याला दोन मुली आहेत. त्या दोघींना ही खोट नक्की मिळालेली असणार, कारण बापाचे एकुलते एक्स गुणसूत्र प्रत्येक मुलीकडे जातेच. आजींनी त्या कागदाच्या तीन झेरॉक्स प्रती काढून घेतल्या: एक मामाच्या पाकिटात, आणि एकेक नातींच्या शाळेच्या दाखल्याबरोबर.